नायट्रस : लपवायचे काय आणि उघडे ठेवायचे काय?

अमेरिकेत फ्लोरिडातील डेटोना येथे दरवर्षी फेब्रुवारीत होणारी पाचशे मैलांची शर्यत म्हणजे तिकडच्या मोटारवेड्यांची पंढरीच. १९७६ साली या शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट याने सर्वाधिक वेग नोंदवला. डॅरेल वॉल्ट्रिपही आघाडीवर होता. त्यानंतर तपासनीसांनी गाड्या उघडून पाहिल्या. दोघांच्याही गाड्यांत नायट्रस ऑक्साइडची सोय आढळल्याचे जाहीर झाले आणि दोघांच्या वेळा रद्द करण्यात आल्या. त्यामुळे अग्रस्थान मिळाले ते रॅमो स्टॉट या तुलनेने अपरिचित चालकाला.

मोटारीत नायट्रस बसवणे आणि ते कोणाला दिसू नये याची खटपट करणे, या दोन गोष्टी अशा पहिल्यापासून हातात हात घालून चालत आल्या आहेत. पुढे हा प्रकार शर्यतीच्या मैदानातून सामान्यांच्या गाड्यांत उतरला. २००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटाने तर निळ्या बाटलीला घरोघरी पोहोचवले. कॅलिफोर्नियातील होंडा सिव्हिकवाले असोत की मस्टँगवाले, अनेकांच्या डिकीत ती बाटली जाऊन बसली. मात्र चित्रपटातील चकचकीत मांडणीच्या नेमके उलट मागणारा एक वर्ग तेव्हाही होता, आजही आहे. त्याला गाडी बाहेरून साधी, कामावर नेण्याजोगी दिसायला हवी असते. ताकद आहे ती कोणाला कळता कामा नये. अशा गाडीला तिकडे ‘स्लीपर’, म्हणजे झोपलेली गाडी, म्हणतात.

ही लपवाछपवी कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे. चोरीची भीती हे एक कारण, आणि ते रास्त आहे. शेकडो डॉलरची सामग्री काच फोडून पळवणारे असतात. गाडीचे मूळ रूप बिघडू नये, इंजिनाचा कप्पा नळ्यांनी भरून जाऊ नये, ही दुसरी इच्छा. त्यातही वावगे काही नाही. तिसरे कारण म्हणजे समोरच्याला, पोलिसाला, विमा कंपनीला किंवा उद्याच्या गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणे. यंत्रसामग्री तिन्ही कारणांसाठी तीच लागते. पण कोणता भाग झाकावा आणि कोणता झाकू नये, याचे उत्तर कारणागणिक बदलते. या विषयावरचा सल्ला बहुधा पहिल्या कारणाच्या नावाने मागितला जातो आणि तिसऱ्यासाठी वापरला जातो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वायू मुळात करतो काय?

नायट्रस ऑक्साइड हे इंधन आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. हा वायू स्वतः जळत नाही; जाळण्यास मदत करतो. जोसेफ प्रीस्टली याने १७७२ साली तो तयार केला. हंफ्री डेव्हीने त्याचा गुंगी आणणारा, हसवणारा गुण जगासमोर मांडला आणि १८४४ पासून दंतवैद्यांनी तो भुलीसाठी वापरला. यंत्रासाठी त्याचा पहिला मोठा वापर दुसऱ्या महायुद्धात झाला. विरळ हवेत उंचावर विमानांची इंजिने दमू लागत. तेथे जर्मन हवाईदलाने ‘जीएम-१’ नावाच्या योजनेतून नायट्रसचा पुरवठा केला. १९४४ मध्ये ब्रिटननेही रात्री लढणाऱ्या काही मॉस्किटो विमानांना तो दिला.

हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमध्ये ज्वलन सुरू होऊन उष्णता पावणेसहाशे अंश सेल्सियसच्या आसपास गेली की त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय तो बाटलीत द्रवरूपात असतो. नोझलमधून बाहेर पडताना त्याची वाफ होते, ती उणे ८८ अंशांच्या घरात थंड असते, आणि आत येणारी हवा तिच्यामुळे गार व दाट होते. म्हणजे दुहेरी लाभ. टर्बोप्रमाणे फिरणारे काही नाही, सुपरचार्जरप्रमाणे पट्टा नाही, आणि न वापरता गाडी चालवली तर ती मूळ गाडीच असते. लपवण्याजोगी ताकद हवी असणाऱ्यांना नायट्रसचा मोह पडतो तो यामुळेच.

परंतु ऑक्सिजन वाढला की त्याच्या जोडीला पेट्रोलही वाढलेच पाहिजे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. तेच काम सुमारे ९.६ किलो नायट्रस करतो. जादा पेट्रोल कमी पडले तर मिश्रण पातळ होते, ज्वलनाचे तापमान भलतेच चढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळतो. उलट पेट्रोल थोडे अधिक झाले तर ताकद जराशी घटते, एवढेच. म्हणूनच संच निवडण्याचा सगळा प्रश्न अखेर एका वाक्यात सामावतो : जादा पेट्रोल येणार कोठून?

कोरडा संच, ओला संच

कार्ब्युरेटरच्या काळात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कार्ब्युरेटरखाली एक जाड चकती बसवायची आणि तिच्यातून नायट्रस व पेट्रोल दोन्ही फवारायचे. खालचा मॅनिफोल्ड पेट्रोलमिश्रित हवा वाहून नेण्यासाठीच घडवलेला असे. इंजेक्शनच्या गाडीत तसे नाही. तेथे मॅनिफोल्डमधून केवळ हवा वाहते. पेट्रोल अगदी झडपेपाशी इंजेक्टर सोडतो, आणि किती सोडायचे ते गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. या संगणकाला नायट्रसची खबर नसते. तो आपला नेहमीच्या हिशेबाने पेट्रोल देत राहतो.

यावर तोडगे दोन. पहिल्याला ‘ड्राय’ म्हणजे कोरडा संच म्हणतात. यात हवेच्या नळीत फक्त नायट्रस सोडायचा आणि जादा पेट्रोल मूळ इंजेक्टरांकडूनच वदवून घ्यायचे. ते कसे? नायट्रस सुरू होताच त्याच्याच दाबाचा एक छोटा अंश पेट्रोलच्या रेग्युलेटरला दिला जातो. इंधनाचा दाब वाढतो आणि त्याच वेळात इंजेक्टरमधून अधिक पेट्रोल बाहेर पडते. झेक्स या अमेरिकी कंपनीचा छोट्या जांभळ्या डब्यातला संच याच तत्त्वावर लोकप्रिय झाला. बाटलीतला दाब उतरला की पेट्रोलही त्या मानाने उतरावे, अशी त्याची रचना. एक डबा, एक नोझल, एक नळी, पेट्रोलच्या मुख्य नळीला कोठे छेद नाही. लपवण्याच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नाही.

मात्र या युक्तीला निसर्गनियमाची एक मर्यादा आहे. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला तरी पेट्रोल ४१ टक्क्यांनीच वाढणार. १९९९-२००० सालची अमेरिकेतील होंडा सिव्हिक एसआय उदाहरणादाखल घेऊ. १.६ लिटरचे इंजिन, १६० हॉर्सपॉवर. तिला ५० हॉर्सपॉवरची जोड द्यायची म्हणजे पेट्रोल सुमारे ३१ टक्क्यांनी वाढले पाहिजे. त्यासाठी मुळातला ३ बारच्या आसपासचा दाब सव्वापाच बारपर्यंत न्यावा लागतो. पंपाचा स्वभाव असा की दाब चढला की त्याचा पुरवठा घटतो. जेथे अधिक मागायचे तेथेच तो कमी देतो. जुन्या गाडीतला दमलेला पंप किंवा चोंदलेले फिल्टर असेल तर दाबमापकावर आकडा चढलेला दिसेलच असे नाही, आणि दिसला तरी शेवटच्या सिलिंडरला पेट्रोल पुरेसे पोहोचले असेल याची हमी नाही. ५० हॉर्सपॉवर ही कोरड्या संचाची चार सिलिंडरांच्या साध्या गाडीतली शहाणपणाची सीमा मानली जाते, ती उगाच नव्हे.

शिवाय दाब वाढवण्याची ही युक्ती सर्व गाड्यांत चालत नाही. २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर पेट्रोलच्या टाकीतच असतो आणि इंजिनाकडून टाकीकडे परतणारी नळी नसते. तेथे नायट्रसचा दाब देणार कोणाला? अशा गाडीत कोरडा संच हवा असेल तर ईसीयूचे गणित नव्याने लिहून घ्यावे लागते. ज्या गाड्यांत हवेचे वजन मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत नोझल सेन्सरच्या अलीकडे बसवण्याचाही प्रकार आहे : थंडगार वायू सेन्सरच्या तापलेल्या तारेवरून गेला की संगणकाला वाटते हवा वाढली, आणि तो आपणहून पेट्रोल वाढवतो. कल्पना नामी, पण सेन्सरच्या मोजण्याला वरची हद्द असते, आणि ती गाठली की संगणक आंधळा होतो. सिव्हिकसारख्या गाड्यांत तर हवेचे वजन मोजले जात नाही, मॅनिफोल्डमधील दाबावरून अंदाज बांधला जातो; तेथे ही युक्ती मुळातच निरुपयोगी.

दुसरा तोडगा ‘वेट’, म्हणजे ओला संच. यात नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकदम फवारले जातात. दोघांसाठी विजेवर उघडणाऱ्या दोन स्वतंत्र झडपा, म्हणजे सोलेनॉइड. कोणाचे प्रमाण किती, ते आत बसवलेल्या छोट्या छिद्रांच्या जेटवरून ठरते. संगणकाला फसवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि ताकदही अधिक मिळवता येते. तोटा असा की केवळ हवेसाठी घडवलेल्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल जाते. हवा वळणावर सहज वळते, पेट्रोलचे थेंब वळत नाहीत. ते भिंतीला चिकटतात, तळाशी साचतात. एका सिलिंडरला अधिक, दुसऱ्याला कमी असे वाटप होते. साचलेल्या पेट्रोलला मागून ठिणगी मिळाली तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कितीतरी मॅनिफोल्ड प्लास्टिकचे झाले आहेत. ते फुटतात. म्हणून ओल्या संचाचे नोझल थ्रॉटलपासून फार दूर, लांबलचक नळीच्या टोकाला बसवू नये. दृष्टीआड व्हावे म्हणून एअर फिल्टरजवळच्या कोपऱ्यात ते नेऊन ठेवण्याची हौस अनेकांना असते. ती महागात पडते.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल देणारा ‘डायरेक्ट पोर्ट’ हा तिसरा प्रकारही आहे. वाटप उत्तम. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाने नोझल बसवले तर वरून काहीही दिसत नाही, आणि काही कसबी मंडळी असे काम इतके सफाईने करतात की गाडीच्या मालकालाही शोधावे लागेल. पण तो मैदानी शर्यतीचा मामला आहे. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

अलीकडच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शंभर-दोनशे बार दाबाने सोडले जाते. तेथे दाब वाढवण्याची जुनी युक्ती लागू पडत नाही. त्यातील बहुतेकांना टर्बोही असतो, आणि संगणकाची भाषा येणारा कारागीर त्यातूनच ५० हॉर्सपॉवर काढून देतो. बाटलीचे आकर्षण ओसरण्याचे तेही एक कारण.

आकडा एकच, भार वेगळा

संच विकताना ‘५० हॉर्सपॉवरचा शॉट’ असे म्हटले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, इंजिन कोणत्याही वेगात असो, भार सारखाच. येथेच फसगत होते. नोझलमधून दर सेकंदाला सारखाच वायू येतो. इंजिन मंद फिरत असेल तर प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला तो अधिक येतो. हिशेब केला तर ६,००० आरपीएमला ५० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर टॉर्क; तेच २,५०० आरपीएमला सुमारे १४२ न्यूटन-मीटर. वर सांगितलेल्या सिव्हिकच्या इंजिनाचा स्वतःचा कमाल टॉर्कच १५० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे मंद वेगात बटण दाबले तर कनेक्टिंग रॉडवर जवळजवळ दुप्पट भार एका झटक्यात येतो. रॉड वाकतो, हेड गॅस्केट उडते. एकाच शॉटवर एक इंजिन वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे पहिल्याच दिवशी मोडते, याचे गूढ बहुधा येथे उलगडते.

वरच्या टोकालाही एक सापळा आहे, आणि तो खास इंजेक्शनच्या गाड्यांचा आहे. इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागले की रेव्ह लिमिटर काम करतो. तो बहुधा इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल थांबते, नायट्रस मात्र चालूच. कोरड्या संचात तर हा क्षण प्राणघातक ठरतो. सिलिंडरमध्ये इंधन नावालाही नाही आणि ऑक्सिजन भरभरून. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडे असतानाच आणि ठरावीक आरपीएमच्या दरम्यानच, समजा ३,००० च्या वर आणि लिमिटरच्या काहीशे फेरे खाली, नायट्रस सोडणारा ‘विंडो स्विच’ हा चैनीचा भाग नव्हे. संच निवडताना पैसे वाचवायचे असतील तर ते कोठेही वाचवावेत, येथे वाचवू नयेत. हा स्विच तळहाताएवढ्या डबीत मावतो आणि डॅशबोर्डमागे सहज दडतो, त्यामुळे लपवणाऱ्याचीही तक्रार नसावी.

याखेरीज ठिणगीची वेळ दर ५० हॉर्सपॉवरमागे अंदाजे दोन अंश मागे घ्यावी, स्पार्क प्लग एक-दोन पायऱ्या थंड जातीचे घ्यावेत आणि पेट्रोल अधिक ऑक्टेनचे वापरावे, असा प्रघात आहे. अमेरिकी पुस्तिका वाचून भारतात काम करणारे एका ठिकाणी हमखास चुकतात. तिकडच्या पंपावरील ९१ हा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या आरओएन पद्धतीत तो सुमारे ९५-९६ भरतो. ‘९१ ऑक्टेन चालेल’ हे तिकडचे वाक्य येथे जसेच्या तसे उचलले तर इंजिनाला त्याची किंमत द्यावी लागते.

बाटली कोठे ठेवावी?

नोझल, सोलेनॉइड, तारा या गोष्टी झाकल्या तर बिघडत नाही. सोलेनॉइड मडगार्डच्या आतल्या पोकळीत गेले, तारा मूळ वायरिंगच्या वेष्टनात गुंडाळल्या, नायट्रसची पोलादी जाळीची नळी काळ्या आवरणातून चॅसिसच्या कडेने नेली, तर गाडी नीटस दिसते. अट इतकीच की नळी सायलेन्सरच्या आणि फिरणाऱ्या भागांच्या जवळून जाऊ नये, आणि प्रत्येक सांधा तपासता येईल असा असावा. स्विचही दडवता येतो. काही जण मागच्या काचेच्या हीटरचे मूळ बटणच त्या कामाला लावतात. पण संच सज्ज आहे की नाही हे सांगणारा दिवा मात्र चालकाच्या नजरेत असलाच पाहिजे. गाडी धुवायला नेणारा पोरगा, पार्किंगमधला माणूस, घरातली दुसरी व्यक्ती यांनी हीटरचे म्हणून बटण दाबावे आणि पुढे ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर तळाशी न्यावा, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

खरा पेच बाटलीचा. नायट्रसचा दाब तापमानावर अवलंबून असतो : २० अंशांना सुमारे ५० बार, तिशीत ६० च्या पुढे. संच बहुधा ६२ ते ६५ बारवर जुळवलेले असतात. थंड प्रदेशात म्हणूनच बाटलीला थर्मोस्टॅट असलेला विजेचा हीटर गुंडाळतात. ज्योत दाखवून बाटली तापवणाऱ्यांनी जीव गमावण्याची तयारी ठेवलेली असते असेच म्हणावे लागेल. आपल्याकडे अडचण उलटी आहे. ३६.४ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा जळगावात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी या आकड्याच्या कितीतरी पुढे जाते. तेथे भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. तो धोक्याच्या पातळीला, सुमारे २०० बारला, गेला तर बाटली फुटू नये म्हणून झडपेवरची एक पातळ धातूची चकती आधी फाटते आणि सगळा वायू एकदम बाहेर पडतो.

सगळा म्हणजे किती? नेहमीच्या दहा पौंडी बाटलीत साधारण साडेचार किलो नायट्रस मावतो. मोकळा झाला की तो सुमारे अडीच घनमीटर जागा व्यापतो. लहान मोटारीच्या आतली संपूर्ण जागाही जवळपास तेवढीच असते. हॅचबॅक गाडीत डिकी आणि माणसांची जागा यांत भिंत नसते. चकती फाटली तर चालकाला काय होते आहे हे कळण्याआधी भूल चढेल. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींची नियामक संस्था एनएचआरए हिच्या नियमांनुसार चालकाच्या कप्प्यात बाटली असेल तर तिला सुटकेची झडप हवी आणि तिची वाट गाडीबाहेर काढलेली हवी. बाटली कायमस्वरूपी पक्की बसवलेली हवी, पट्ट्या किंवा होज क्लिप चालत नाहीत. आणि लपवणारे नेमके काय करतात? सीटखाली, स्पीकरच्या खोट्या पेटीत किंवा गालिच्याखाली बाटली ठेवतात. बाहेर पडणारी नळी दिसते म्हणून ती बसवतच नाहीत. भरलेली बाटली अकरा-बारा किलोची असते. टक्कर झाली तर ती जागेवर राहील की नाही, हे पट्टीच्या मजबुतीवर ठरते.

स्टेपनीची जागा ही त्यातल्या त्यात स्वीकारण्याजोगी. तीही चार अटींवर : खाली सायलेन्सर नसावा किंवा मध्ये उष्णतारोधक पत्रा असावा, ब्रॅकेट चॅसिसच्या धातूला बोल्टने आवळलेले असावे, सुटकेची नळी तळाला छिद्र पाडून बाहेर काढलेली असावी, आणि बाटली योग्य कलाने बसलेली असावी. ही शेवटची अट फारशी कोणी पाळत नाही. बाटलीच्या आत एक वाकडी नळी असते. तिचे टोक तळाशी आणि मागच्या बाजूला राहिले तरच गाडी वेग घेताना मागे सरकलेला द्रव तिच्यात शिरतो. म्हणून तोंड पुढे, लेबल वर, आणि पुढचे टोक किंचित उचललेले, अशी पद्धत आहे. जागा मिळेल तशी आडवी टाकलेली बाटली अर्धी संपल्यावर द्रवाऐवजी वाफ पाठवू लागते आणि मिश्रणाचा तोल जातो.

दोन पौंडांची छोटी बाटली घ्यावी आणि प्रश्नच मिटवावा, असेही सुचवले जाते. ५० हॉर्सपॉवरच्या शॉटवर दहा पौंडी बाटली अंदाजे तीन ते साडेतीन मिनिटे पुरते, तीही कागदावर; दाब उतरल्याने शेवटचा भाग फारसा उपयोगी पडत नाही. छोटी बाटली अर्ध्या मिनिटाचा खेळ. मैदानावर दोन-तीन धावा होतात. पण तेवढ्यावर ज्याचे भागत असेल त्याच्यासाठी हीच निवड उत्तम : कमी वायू, कमी वजन, घरी काढून नेता येते. बाटलीत किती उरले हे दाबमापकावरून कळत नाही, हे मात्र स्वयंपाकघरातल्या गॅससारखेच. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब साधारण तोच राहतो. वजन करणे हाच उपाय.

कायदा आणि गिऱ्हाईक

कॅलिफोर्नियात प्रदूषणावर परिणाम करणारा कोणताही जादा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर त्याला हवा संसाधन मंडळाचा सूट क्रमांक लागतो. भारतात स्थिती अधिक स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलापोटी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर शर्यत लावण्याचा गुन्हा वेगळाच. दाबाखालच्या बाटल्यांवर नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे नियंत्रण आहे. तिची मान्यता नसलेली परदेशी बाटली भरून देणे कोणत्याही अधिकृत केंद्राला परवडणारे नाही. मग काही जण रुग्णालयांच्या निळ्या सिलिंडरांकडे वळतात. त्या वायूची हेराफेरी हा गुन्हा तर आहेच, शिवाय मोटारींसाठीच्या वायूत तो कोणी हुंगू नये म्हणून अल्प प्रमाणात मिसळलेला सल्फर डायऑक्साइड त्यात नसतो. गळती झाली तर नाकाला इशारा मिळत नाही. अर्थात, बंद मैदानावर, ट्रेलरवरून नेलेल्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट निराळी. पण तेथे लपवण्याचे कारणच उरत नाही.

राहिला जुनी गाडी घेणारा. संच काढून घेतल्यावरही गाडी काही खुणा ठेवते, आणि सौदा करण्यापूर्वी मेकॅनिकला सोबत नेऊन त्या पाहता येतात. थ्रॉटलच्या अलीकडील रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीवर बुजवलेले गोल छिद्र. पेट्रोलच्या रेलवर किंवा रेग्युलेटरच्या निर्वात नळीवर विनाकारण बसलेला टी-सांधा. स्टेपनीच्या खड्ड्यात सारख्या अंतरावरची चार छिद्रे. कोठेही न जाणारी जाड तार. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या जातीचे प्लग. यांपैकी दोन जरी आढळल्या तरी चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. एकाचा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे कमी निघाला, तर विक्रेत्याने किंमत कितीही उतरवली तरी त्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च त्याहून अधिक निघतो.